उजव्या बाजूचा स्पीकर

दार उघडताच वायरताईच्या नाकात दोन वास एकदम शिरले. वरचा वास गुलाबाच्या फवाऱ्याचा होता. त्याच्या खाली, पांघरुणात कुणी दडून बसावं तसा, दुसरा होता. आंबलेला, चरबट आणि किंचित गोडसर. पहिला वास कशासाठी मारला आहे हे दुसऱ्यामुळे लगेच कळत होतं.

तिला खरं नाव होतं, पण धंद्यात सगळे वायरताईच म्हणायचे. पंधरा वर्षं ती लोकांच्या घरांत भिंतीच्या आत स्पीकर बसवत होती. भिंत कापायची, आतून वायर ओढायची, स्पीकर असा बसवायचा की बाहेरून फक्त पांढरी जाळी दिसावी. परक्या घरांचे सगळे वास तिने पचवले होते. मांजरांचे, सिगारेटचे, महिनोन्‌महिने न उघडलेल्या खिडक्यांचे. त्या सकाळी मात्र ती उंबऱ्यातच थबकली.

घरचा मालक एका विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. घरातही त्याला सगळे साहेबच म्हणत, त्याची बायकोसुद्धा. त्याने बैठकीची खोली दाखवली. समोरच्या भिंतीवर टीव्ही, त्याच्या खाली भिंतीलाच टांगलेलं लांबलचक लाकडी कपाट, आणि टीव्हीच्या डाव्या-उजव्या अंगाला दोन स्पीकर हवे होते. ही भिंत विटांची नव्हती. दोन वर्षांपूर्वी मोठ्या खोलीचे दोन भाग करून मागचा भाग वडिलांना दिला, तेव्हा पत्र्याच्या उभ्या पट्ट्यांवर दोन्हीकडून जिप्समचे पत्रे ठोकून ती उभी केली होती. टीव्हीचा आवाज वडिलांना लागू नये म्हणून आत आवाज शोषणारी लोकर भरली आहे, असं साहेबांनी अभिमानाने सांगितलं. संध्याकाळी कचेरीतली माणसं घरी यायची होती, तोवर सगळं वाजायला हवं होतं.

मग त्यांनी आवाज खाली आणला, मागच्या बंद दाराकडे हनुवटी केली आणि म्हणाले, "वास बाबांचा आहे. लघवीची पिशवी लावलेली असते त्यांना. होते सवय तासाभरात."

वायरताईने मान हलवली. म्हातारपण कुणाला चुकलंय, असं काहीतरी पुटपुटून ती कामाला लागली.

डावी बाजू विनासायास झाली. बोटांनी ठोकून आणि लोहचुंबक फिरवून तिने पत्र्याच्या पट्ट्या कुठे आहेत ते पाहिलं, कागदी साचा भिंतीला चिकटवून पेन्सिलीने चौकोन आखला, टोकदार करवतीने कापला. आत कोरडी करडी लोकर. ती थोडी बाजूला सारून तिने कपाटामागच्या भोकातून वायर वर घेतली, लाल टोक लालला, काळं काळ्याला जोडलं आणि कोपऱ्यांतले चार स्क्रू आवळले. स्क्रू आवळले की स्पीकरच्या मागचे पंजे वळून भिंतीला पाठीमागून घट्ट धरतात, तसं त्यांनी धरलं. तासाभराचं काम.

ती स्टुलावरून उतरत होती तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि वडील बाहेर आले. ॲल्युमिनियमचा वॉकर धरून, पावलापावलाने. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा होता, केस ओले, मानेला पावडर. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस लग्नाला निघाल्यासारखा स्वच्छ दिसत होता. पण उघड्या दारातून त्यांच्यामागून त्या वासाचा एक लोटच आला, आणि विचार करायच्या आत वायरताईचा हात वर गेला. ओढणी तिने नाकावर धरली.

त्यांनी ते पाहिलं. तिथेच थांबले, वॉकर दोन पावलं मागे घेतला आणि "माफ करा हं" एवढंच म्हणून परत आत गेले. दार लागलं.

वायरताईला शरमल्यासारखं झालं. पण ओढणी तिने लगेच खाली घेतली नाही, हेही खरं.

मधल्या चहाला सुनेने सगळी कहाणी सांगितली. ती वाईट बाई नव्हती, थकलेली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं, बोटं फिनाइलने सोललेली. सव्वा वर्ष हा वास घरात होता. बाबांच्या तीन गाद्या फेकून झाल्या. पडदे बदलले, पिशवी दिवसातून चारदा धुतली, डॉक्टर बदलून पाहिले. डॉक्टर म्हणाले, पिशवीचा थोडा वास यायचाच. तरी त्यांच्या खोलीतला वास थोडा नव्हता. त्यांचा पलंग त्या भिंतीलाच लागून होता आणि पलंगाजवळ तर उभंही राहवत नसे. शेवटी जेवण त्यांच्या खोलीतच नेऊन द्यायचं ठरलं. घरात पाहुणे आले की दार बंद. नातीने तर आजोबांच्या खोलीत जायचंच सोडलं होतं.

"सुरुवातीला बाबा म्हणायचे, हा माझा वास नाही, कुठेतरी काहीतरी कुजतंय," सून म्हणाली. "चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते ना. त्यांना वाटतं वासातलं त्यांनाच कळतं. साहेब म्हणाले, स्वतःचा वास स्वतःला कधी येतो का? मग बाबांनी ते म्हणायचं सोडलं. आता दिवसातून तीन अंघोळी करतात."

वायरताईने चहा अर्धाच प्यायला. चहावरची साय बघून तिला कसंतरी झालं.

उजव्या बाजूला तिने आधी बारीक भोक पाडलं. ड्रिलचं टोक बाहेर आलं ते काळं आणि ओशट होऊन. एरवी अशा भोकातून पांढरी कोरडी पूड पडते. इथे ओल्या पिठासारखा लगदा टोकाला चिकटून आला आणि त्याच्या मागोमाग भिंतीने जणू श्वास सोडला. वायरताई स्टुलावरच मागे झुकली. तोच वास होता, पण पातळ न केलेला. बूच काढून बाटली थेट नाकाखाली धरावी तसा.

बंद दारापलीकडे एक म्हातारा माणूस पांढरा सदरा घालून बसला होता आणि वास इथून येत होता. तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा भोकाकडे. मग तोंडाला फडकं घट्ट बांधलं आणि करवत घातली.

भिंत कापावी लागलीच नाही, ती सोलली गेली. खालचा भाग हाताने दाबला तरी भाकरीच्या गाभ्यासारखा चेपत होता. चौकोन निखळला आणि आतून झुरळं बाहेर पडली. एक-दोन नाही, धार लागावी तशी. तिच्या मनगटावरून, स्टुलावरून, नव्या स्पीकरच्या खोक्यावरून पळाली. निखळलेल्या तुकड्याची पाठ काळी होती आणि तिच्यावर केसाळ हिरवट बुरशी उगवली होती. आतली लोकर करडी उरली नव्हती. पिवळट चरबीने जड होऊन, चिंब, खाली बसली होती आणि जागोजागी हलत होती. लोकर कशी हलते, असा प्रश्न तिला पडला, मग टॉर्चच्या उजेडात अळ्या दिसल्या. त्या पांढऱ्या वळवळीत एक शेपूट होती आणि शेपटीच्या पुढे जे होतं त्याला उंदीर म्हणणं कठीण होतं.

वायरताईने मनगटावरची झुरळं झटकली. मग पेटीतून लांब लवचिक नळीचा कॅमेरा काढला, भिंतीच्या पोटात खाली सोडला आणि हातातल्या छोट्या पडद्यावर बघू लागली. आतून एक करडा प्लास्टिकचा पाइप आडवा गेला होता. स्वयंपाकघराच्या सिंकचं सांडपाणी तो भिंतीतून बाहेरच्या मोठ्या पाइपाकडे नेत होता. आणि त्या पाइपात, बरोबर मधोमध, एक लांब चकचकीत स्क्रू घुसला होता. टीव्हीखालच्या टांगलेल्या कपाटाचा. तिथली ओल लोकरीतून वरपर्यंत चढली होती.

तेवढ्यात आत सुनेने नळ सोडला. कपबशा विसळल्याचा आवाज आला. पडद्यावर स्क्रूच्या भोवतीने आधी एक थेंब फुगला, मग दुधाळ पाणी पाझरायला लागलं. त्याच्याबरोबर चहाचा चोथा आला, भाताचं एक शीत आलं, स्क्रूला अडकलं आणि सुटून खाली लोकरीत पडलं.

हे सव्वा वर्ष चाललं होतं. म्हाताऱ्याच्या पिशवीतला थेंबही या भिंतीत नव्हता. कुजत होतं ते सगळ्यांच्या ताटातलं खरकटं.

तिने साहेबांना हाक मारली. त्यांनी पडद्यावर पाहिलं, भोकात डोकावलं, आणि तोंडाला रुमाल लावून एकदम मागे झाले. कपाट कुणी बसवलं असं तिने विचारलं, तेव्हा त्यांनी तोंडावरचा रुमाल काढला. मग म्हणाले, मीच. सुतार चार दिवस येत नव्हता म्हणून रविवारी स्वतःच ड्रिल आणून. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता आणि क्षणभर वायरताईला वाटलं, हा माणूस आता त्या दाराकडे जाईल.

त्यांनी घड्याळ पाहिलं.

"हे आत्तापुरतं बंद करता येईल का?" ते म्हणाले. "काहीतरी फवारू. संध्याकाळी लोक यायचेत. उद्या प्लंबर बोलावतो."

वायरताईने सांगितलं की ती असल्या ओलीवर स्पीकर बसवत नाही, वायर जळेल आणि भिंतही पडेल.

साहेब आणखी जवळ आले. "बरं. पण बाबांना यातलं काही बोलू नका. या वयात उगाच मनाला लावून घेतात."

उंदीर पाहून आली नव्हती तेवढी शिसारी तिला या वाक्याने आली. काम परक्याचं, घर परक्याचं, बापही परक्याचा. ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि साहेबांनी नजर वळवली.

बोलायची गरज पडलीच नाही. भिंत उघडल्यावर वास दुप्पट झाला होता. सून हात पुसत बाहेर आली, तिने भोकात पाहिलं आणि तशीच मोरीकडे धावली. तिच्या ओकाऱ्या बाहेर ऐकू येत होत्या. त्या आवाजाने मागचं दार उघडलं. वडील वॉकर टेकत आले. बाहेरची माणसं आहेत म्हणून आधी दारातच थांबले, वायरताईपासून लांब. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"टॉर्च द्या जरा," ते म्हणाले.

साहेब मधे आले, बाबा तुम्ही आत बसा, घाण आहे, असं म्हणू लागले. वायरताईने त्यांच्या बाजूने हात लांब करून टॉर्च वडिलांच्या हातात दिली.

एका हाताने वॉकर धरून ते भोकाकडे झुकले. चाळीस वर्षं लोकांच्या चिघळलेल्या जखमा पाहिलेला माणूस जसा पाहील तसं त्यांनी पाहिलं, नाक न झाकता, घाई न करता. दोन उंदीर आहेत म्हणाले, एक बराच जुना, एक परवाचा. मग उजेड खाली गेला आणि तिथेच थांबला.

"हा स्क्रू कधीचा?"

मोरीच्या दारातून सून म्हणाली, "कपाट बसवलं तेव्हाचा. तुम्हाला पिशवी लागायच्या पंधरा दिवस आधी." तोंड पुसत ती तिथेच चौकटीला टेकली होती.

वडिलांनी टॉर्च विझवली. मग सरळ झाले आणि सुनेला म्हणाले, "पाणी दे गं मला. मोठ्या पेल्याने दे."

तिने आणलं. ते उभ्या उभ्याच प्यायले, पेला पुढे केला, दुसरा प्यायले, तिसरा मागितला. तिसऱ्याला सदऱ्यावर ओघळ आला तरी थांबले नाहीत. सून रडायला लागली. तिच्या तुटक बोलण्यातून वायरताईला कळलं की डॉक्टरांनी यांना दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं आणि हे जेमतेम गोळ्या गिळण्यापुरतं पीत होते. पिशवी कमी भरावी म्हणून. त्यापायी दोनदा संसर्ग होऊन दवाखान्यात आठ-आठ दिवस पडले होते, आणि हट्टी आहेत, ऐकत नाहीत, म्हणून घरात बोलणी खाल्ली होती.

साहेबांनी घसा साफ केला. "पण बाबा, तुम्ही जरा नीट सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं होतं त्यांनी," सून म्हणाली, आणि रिकामा पेला घेऊन आत गेली.

संध्याकाळच्या माणसांना फोन करून नको म्हणावं लागलं. वायरताईच्या ओळखीचा प्लंबर दुपारी आला. भोकात बघून तो म्हणाला, चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. त्याच्या विनोदाला कुणी हसलं नाही. भिंतीचा उजवा अर्धा भाग उतरवावा लागला. ओली लोकर उपसायला साहेबांनी हात लावला नाही. त्यांना म्हणे धुळीची ॲलर्जी होती. वायरताई, प्लंबर आणि सून अशा तिघांनी मिळून पाच गोण्या भरल्या. गोणीच्या तळातून रस्सा गळावा तसं गळत होतं. त्या दिवशी घरी जाऊन वायरताईने डोक्यावरून तीनदा अंघोळ केली, कपडे फेकून दिले, आणि तरी जेवायला बसल्यावर भाताचं शीत बघून उठून गेली. घरच्यांनी विचारलं, तर सांगताही येईना. उंदराचं सांगितलं असतं. बाकीचं कसं सांगणार?

आठ दिवस पंखे लावून भिंत वाळवली. नवा पाइप, नवी लोकर, नवे पत्रे, रंग. पंधराव्या दिवशी तिने उजव्या बाजूचा स्पीकर बसवला. खोलीत रंगाशिवाय कसलाच वास नव्हता. साहेबांनी मोठ्या आवाजात गाणं लावलं, खोलीभर फिरून ऐकलं, खूश झाले. मग कुणाचा तरी फोन आला आणि ते सोफ्यावर रेलून सांगू लागले.

"अरे, मला आधीपासून शंका होती. म्हटलं, हा वास माणसाचा असूच शकत नाही. शेवटी मीच भिंत उघडायला लावली."

मागचं दार उघडंच होतं. आत वडील पलंगावर बसले होते आणि त्यांना प्रत्येक शब्द ऐकू जात होता. वायरताई गुडघ्यावर बसून वायरचे तुकडे वेचत होती. तिला वाटलं, झुरळं पुन्हा मनगटावरून चाललीत. फोन ठेवून साहेब म्हणाले, आता झोपायच्या खोलीतही असेच दोन बसवून टाका. ती म्हणाली, मला जमणार नाही. कधी जमेल असं त्यांनी विचारलं. कधीच नाही, असं म्हणून तिने पेटी बंद केली.

ती निघाली तेव्हा वडील दारात उभे होते, वॉकर धरून, पायांत चपला घालून. लिफ्टने खाली जाताय ना, मलाही सोबत न्या, असं ते म्हणाले. दवाखाना सोडला तर वर्षभर खाली उतरलो नाही. लिफ्टमध्ये लोकांना त्रास नको म्हणून.

लिफ्टचं दार लागल्यावर वायरताई म्हणाली, "काका, त्या दिवशी मीही नाक झाकलं होतं."

"पाहिलं मी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता आणि समजूतही नव्हती.

मधल्या मजल्यावर एक बाई आत आली, हातात मोबाइल, नजर त्यातच. वडील लगेच कोपऱ्यात सरकले. कोपरं अंगाशी घेतली, एक हात सदऱ्याखालच्या पिशवीवर ठेवला, आणि वायरताईच्या लक्षात आलं की त्यांनी श्वास धरून ठेवला आहे. बाईने मान वर करून पाहिलंही नाही. तळमजला आला, ती निघून गेली. वडील तरी कोपऱ्यातच उभे होते. वायरताईला साहेबांची किळस आली, आणि ओढणी नाकावर नेणाऱ्या आपल्या हाताचीही. तिने लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं, तेव्हा ते बाहेर आले.

फाटकाजवळच्या बाकावर एक माणूस वर्तमानपत्र वाचत बसला होता. वडील सावकाश तिथवर गेले आणि त्याच्यापासून हातभर अंतर सोडून टेकले. वायरताई पेटी सावरत पुढे निघाली. मागून तिला त्यांचा आवाज ऐकू आला. अगदी सरळ, दवाखान्यात पेशंटला पत्ता विचारावा तसा.

"अहो, माझ्या अंगाला काही वास येतो का?"

तो माणूस गोंधळला असावा. नाही बुवा, म्हणाला.

"असे जवळ या. नीट घेऊन बघा," वडील म्हणाले.

वायरताईने मागे वळून पाहिलं नाही. रस्ता ओलांडेपर्यंत ती भराभरा चालत राहिली.